आमचा ग्रंथ आणि आम्ही

आमच्या व्यवसायांतील मनुष्याची नवीन ओळख झाली कीं त्यास दोन प्रश्न हटकून विचारण्यांत येतात. पहिला, "आपण काय शिकवितां?" आणि दुसरा, "आपलें एखादें पुस्तक आहे का?" पहिल्याचें उत्तर सोपें आहे. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितों, व गेलीं ३० वर्षें शिकवीत आलों आहों. दुसऱ्याचें उत्तर मात्र पुष्कळ दिवस आम्ही एकाच वाक्यांत देत असूं : "चाललें आहे." हें मराठी भाषेंतील मोठें सोयीचें वाक्य होय. प्रकृति, संसार, नोकरी व ग्रंथलेखन या चारहि गोष्टींस तें सारखेंच लागू पडतें, आणि त्यावरून त्यांपैकीं एकीचीहि खरी स्थिति ऐकणारास कळत नाहीं.

आमचा ग्रंथ मराठी निबंधाविषयीं आहे. लोकहितवादींनीं १८४८ सालीं ‘प्रभाकर’ पत्रांत लिहावयास आरंभ केला तेथपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी गद्य बोलावयास कसें शिकलें, कोणाशीं भांडलें, आणि पुढें शांत होऊन घरगुती गप्पा कसें मारूं लागलें, ही हकीकत सामान्य वाचकास सांगावी, एवढाच त्याचा हेतु. विषय आम्हांस प्रिय आहे. साधनें पुण्यांतील ग्रंथालयांतून मिळण्यासारखीं आहेत. इंग्रजी निबंधाचा व्यासंग जन्मभर केलेला असल्यामुळें तुलनेचीहि सोय होती. म्हणजे ग्रंथ होण्यास लागणारें सर्व साहित्य सिद्ध होतें. ग्रंथ तेवढा नव्हता. घरांत पीठ, तेल, मीठ, तवा सर्व असून पोळी होऊं नये, अशांतला हा प्रकार अकरा वर्षें चालला.

या अकरा वर्षांत ग्रंथापेक्षांहि एक प्रश्न आम्हांस अधिक छळीत आला. तो असा कीं, आपण लेखक आहों काय? आमचे शोधनिबंध छापलेले आहेत. बढतीच्या वेळीं त्यांची मोजदादहि झालेली आहे. तथापि त्यांच्यामुळें आपण लेखक झालों असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. तें लेखन नोकरीचा भाग म्हणून झालें, आणि ज्या थोड्यांनीं तें वाचलें त्यांनींहि तें नोकरीचा भाग म्हणूनच वाचलें. गवंड्यानें भिंत बांधली कीं तो गवंडी ठरतो, सुतारानें पेटी केली कीं तो सुतार ठरतो. मग कागदावर शेंकडों पानें लिहूनहि मनुष्यास आपण लेखक नाहीं असें कां वाटावें?

लेखक या शब्दाची जुनी कुळकथा पाहिली तर या प्रश्नावर थोडा प्रकाश पडतो. हस्तलिखितांच्या काळीं लेखक म्हणजे ग्रंथ रचणारा नव्हे, तर तो उतरून काढणारा. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस लेखक म्हणून ज्यांचा उल्लेख येतो ते ज्ञानेश्वर नव्हेत, सच्चिदानंदबाबा होत. पोथी पुरी झाली कीं पुष्कळ लेखक शेवटीं आपलें म्हणून थोडेंसें लिहीत. जसें समोर दिसलें तसें लिहिलें, तरी दोष मजकडे नाहीं. पाठ, कंबर व मान वांकवून कष्टानें हें लिहिलें आहे, तरी तेलापाण्यापासून तें जपावें, अशा अर्थाचे संस्कृत श्लोक कित्येक पोथ्यांच्या शेवटीं आढळतात. त्या बिचाऱ्यांची पाठ मोडत असे. पण आपण लेखक आहों कीं नाहीं ही शंका त्यांस शिवली नसावी. कारण लेखक ही त्या काळीं पदवी नव्हती, काम होतें. पुढें छापखाना आला, मुखपृष्ठ आलें, त्यावर नांव आलें, आणि कामाची पदवी झाली. पदवी झाली कीं ती आपणांस मिळाली आहे कीं नाहीं ही चिंता ओघानेंच येते. आणि पदव्यांवरच ज्यांचा निर्वाह चालतो अशा आमच्यासारख्या माणसांस ती अधिक येते.

ग्रंथ कां होत नाहीं याचीं कारणें सांगण्यांत विद्वान् लोक मोठे वाकबगार असतात. त्यांतलें पहिलें कारण म्हणजे तयारी पुरी झालेली नाहीं हें. या पंथाचे महंत म्हणून आम्ही इंग्लंडांतील लॉर्ड ॲक्टन यांस मानतों. स्वातंत्र्याचा इतिहास लिहावा असा त्यांचा संकल्प होता. त्यासाठीं त्यांनीं जो ग्रंथसंग्रह केला तो सुमारें ६०,००० पुस्तकांचा. १८९५ सालीं ते केंब्रिज येथें इतिहासाचे प्राध्यापक झाले, १९०२ सालीं वारले, आणि त्यांचीं पुस्तकें केंब्रिजच्या ग्रंथालयांत गेलीं. संकल्पिलेला इतिहास तेवढा कोणत्याहि ग्रंथालयांत नाहीं. त्यांच्या नांवावर आज जे प्रमुख ग्रंथ दिसतात ते त्यांच्या मागें इतरांनीं त्यांचीं व्याख्यानें व लेख गोळा करून सिद्ध केलेले आहेत. आमच्याजवळ ६०,००० पुस्तकें नाहींत. २७ वह्या आहेत, आणि आतां संगणकांत सांठविलेले जुन्या मासिकांचे अंक आहेत. जुनीं मासिकें घरबसल्या पाहतां येऊं लागल्यापासून तर तयारी पुरी होण्याचा संभवच उरलेला नाहीं. पूर्वीं ग्रंथालय सायंकाळीं बंद होत असे, व निदान त्या निमित्तानें तरी मनुष्य घरीं येऊन लिहावयास बसे. आतां तें कधींच बंद होत नाहीं.

दुसरें कारण, वेळ नाहीं. परंतु हें कारण सांगण्याची सोय इंग्रजीच्या प्राध्यापकास तरी नाहीं. ज्यांचें वाङ्मय तो शिकवितो त्यांनींच ती ठेविलेली नाहीं. चार्ल्स लॅम्बचे निबंध वर्गांत वाचतांना आम्ही दर वर्षीं सांगतों कीं, हा गृहस्थ १७९२ पासून १८२५ पर्यंत ३३ वर्षें ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरींत कारकुनी करीत होता. अँथनी ट्रोलोप हा तर टपालखात्याचा नोकर. पहांटे साडेपांचास मेजाशीं बसावयाचें, समोर घड्याळ ठेवावयाचें, आणि दर पाव तासास २५० शब्द लिहावयाचे, असा त्याचा क्रम असे. आणि त्यास वेळेवर उठविणाऱ्या म्हाताऱ्या नोकरास त्याबद्दल वर्षाला ५ पौंड अधिक मिळत. १८८३ सालीं त्याचें आत्मचरित्र निघालें व हा घड्याळाचा हिशेब लोकांस कळला, तेव्हां कित्येक रसिकांस तो रुचला नाहीं. आम्हांसहि तो वाचतांना थोडा राग येतो, पण त्याचें कारण निराळें आहे. उत्तरपत्रिका, मूल्यांकन समितीचे तक्ते, वेळापत्रकें, सभांचीं इतिवृत्तें हीं सर्व आम्ही घड्याळ लावूनच लिहितों. मग ग्रंथासाठींच तेवढी प्रतिभेची वाट कां पहावी, या प्रश्नास ट्रोलोप आम्हांस जागा ठेवीत नाहीं.

तिसरें कारण, आरंभ मनासारखा होत नाहीं. येथें मात्र आम्हांस गिबनचा आधार होता. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहावा हें त्याच्या मनांत १७६४ च्या ऑक्टोबरांत रोम शहरीं आलें, आणि शेवटचें वाक्य त्यानें १७८७ च्या जूनमध्यें लोझान येथें लिहिलें. मध्यें जवळजवळ २३ वर्षें गेलीं. पहिलें प्रकरण त्यानें तीन वेळां लिहिलें, दुसरें व तिसरें दोन दोन वेळां. तेव्हां कोठें आपला सूर त्यास सांपडला. आम्हींहि पहिलें प्रकरण तीन वेळां लिहिलें. साम्य येथपर्यंतच. तिसऱ्या खेपेनंतर गिबन दुसऱ्या प्रकरणाकडे वळला. आम्ही चौथ्या खेपेकडे वळलों.

परंतु हीं कारणें दारावरच्या पहारेकऱ्यांसारखीं होत. घराचा धनी आंत असतो. हातांत तांबडी लेखणी धरून जो मनुष्य तीस वर्षें दुसऱ्याचें लेखन वाचतो त्याच्या मनांत एक परीक्षक कायमचा बिऱ्हाड करून राहतो. आम्ही वाक्य लिहावयास घेतलें कीं तो मागें येऊन उभा राहतो. "याला पुरावा काय?" "हें पूर्वीं कोणी म्हटलें आहे काय?" "सर्वच निबंधकारांस हें लागू पडेल काय?" त्याचे प्रश्न सगळे रास्त असतात, हीच खरी अडचण. उद्धट पाहुण्यास घालवून देतां येतें. सज्जन पाहुण्याचें काय करावें? या परीक्षकाच्या धाकानें आमचें प्रत्येक वाक्य अंगरखा, त्यावर बंडी, त्यावर शाल असें पांघरून बाहेर पडूं लागलें. ‘लोकहितवादी रागावले होते’ असें साधें वाक्य मनांत यावें, आणि कागदावर तें ‘लोकहितवादींच्या लेखनांत कांहीं अंशीं उद्वेगाची छटा आढळते असें म्हणण्यास प्रत्यवाय नसावा’ असें उतरावें. त्यांत खोटें कांहीं नाहीं. मात्र तें वाचून कोणास रागहि येत नाहीं आणि लोकहितवादीहि दिसत नाहींत.

आणखी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. आमच्या पिढीच्या पुष्कळ मराठी पदवीधरांचा हा परीक्षक इंग्रजी बोलतो. आम्हीं विचार करावयास शिकलों तो इंग्रजी पुस्तकांवर; घरीं भांडलों, हंसलों, रडलों तें मराठींत. त्यामुळें विद्वत्तेचें लिहावयाचें झालें कीं मनांत इंग्रजी वाक्य तयार होतें आणि त्यास मराठी शब्दांचे कपडे चढविले जातात. कपडे बेतास बात बसतात. पण चाल परकी ती परकीच. मराठी निबंधावरील ग्रंथ अशा चालीनें लिहिला जावा यांतील विसंगति आमच्या लक्षांत येत असे, आणि ती लक्षांत आली कीं लेखणी पुन्हां थांबत असे.

असें चाललें असतां चार वर्षांपूर्वीं आमचे एक ज्येष्ठ सहकारी निवर्तले. ते इतिहास शिकवीत. कात्रजच्या तलावापासून पुण्यास पाणी आणणारा पेशवेकालीन नळ आणि त्यावर अवलंबून असलेले शहरांतील हौद हा त्यांचा जन्माचा विषय. त्यावर ते ग्रंथ लिहिणार हें आम्ही नोकरीस लागलों त्या वर्षापासून ऐकत होतों. त्यांच्या मागें महिन्याभरानें त्यांच्या कन्येनें आम्हांस बोलाविलें. "काका, बाबांच्या वह्या तुम्ही एकदां बघा. यांतून पुस्तक होईल का?" असें ती म्हणाली, आणि तिनें कपाट उघडलें.

आम्ही दोन सायंकाळ त्या कपाटापुढें बसलों. अक्षर मोत्यासारखें. प्रत्येक वहीस अनुक्रमणिका. कोणता हौद कोणत्या वाड्यांत, त्याची लांबी, रुंदी, खोली स्वतः टेपानें मोजलेली. कोणत्या म्हाताऱ्यानें कोणत्या दिवशीं काय सांगितलें, तें त्याच्या शब्दांत. त्यांतील बहुतेक म्हातारे आतां या जगांत नाहींत, आणि मोजलेल्या हौदांपैकीं कांहीं बुजलेहि आहेत. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर ग्रंथाचें नांव होतें, खालीं अर्पणपत्रिका होती. पण ज्याला सलग मजकूर म्हणावें असें एक पानहि त्या सगळ्या वह्यांत नव्हतें. एका जागीं बाण काढून लिहिलें होतें, "हें महत्त्वाचें. त्या गोष्टीशीं जोडणें." ती गोष्ट कोणती, हें त्यांनीं लिहिलें नव्हतें. लिहिण्याची त्यांस गरजहि नव्हती. ती त्यांस ठाऊक होती.

त्या मुलीस आम्हांला नाहीं म्हणून सांगावें लागलें. टिपणें हजारों होतीं. त्यांना जोडणारा धागा ज्या मनांत होता तें मन नव्हतें. वह्या एका ग्रंथालयास देण्याची व्यवस्था आम्हीं केली, व पुढें एखादा तरुण अभ्यासक त्यांचें चीज करील अशी आशा आहे. परंतु तो ग्रंथ त्याचा असेल. जे गृहस्थ पाण्याविषयीं बोलूं लागले कीं चहा निवून जाई तरी कोणी उठत नसे, त्यांचा ग्रंथ आतां होणार नाहीं.

त्या बाणानें आम्हांस पुष्कळ दिवस झोंप लागूं दिली नाहीं. टिपण म्हणजे मनुष्याचें स्वतःशीं बोलणें होय. म्हणूनच त्यांत अर्धें सांगितलें तरी पुरतें. शोधनिबंध म्हणजे परीक्षकाशीं बोलणें; त्यांत स्वतःचा बचाव पहिला. पण ग्रंथ हें कोणाशीं बोलणें? आमच्या २७ वह्यांत पहिलें बोलणें भरपूर होतें, आणि चार वेळां लिहिलेल्या पहिल्या प्रकरणांत दुसरें बोलणें भरपूर होतें.

तें प्रकरण आम्हीं एके रात्रीं पत्नीस वाचून दाखविलें. त्या एका बँकेंतून निवृत्त झालेल्या आहेत, आणि घरांतील खरें वाचन त्यांचें. आमचें तें नेमलेलें. प्रकरण ४६ पानांचें होतें. अर्धा तास त्यांनीं निमूटपणें ऐकलें, आणि मग विचारलें, "अहो, हें सगळें खरेंच असेल, पण हें तुम्ही कोणाला सांगतां आहां?"

प्रश्न साधा होता, व तो टीका म्हणूनहि विचारलेला नव्हता. पण त्या प्रश्नाचा दिवा घेऊन आम्ही आमच्याच विषयाकडे पुन्हां पाहूं लागलों, तेव्हां रोज डोळ्यांखालून जाणाऱ्या कित्येक गोष्टींचा अर्थ निराळा दिसूं लागला. लोकहितवादींनीं निबंध म्हणून लिहिले नाहींत, पत्रें लिहिलीं. सरकारी नोकरी संभाळून दर आठवड्यास ‘प्रभाकरा’च्या वाचकांस घातलेलीं तीं १०८ पत्रें होत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ च्या जानेवारींत ‘निबंधमाला’ काढली तेव्हां ते शाळाखात्यांतले शिक्षक होते. मालेचे ८४ अंक निघाले, आणि ते बहुतांशीं एकट्यानें लिहिले. १८८२ सालीं ते वारले तेव्हां त्यांस ३२ वें वर्ष पुरें झालेलें नव्हतें. ‘आधीं तयारी पुरी करूं’ असें त्यांनीं म्हटलें असतें तर मराठी गद्याचें काय झालें असतें हें सांगवत नाहीं. हरिभाऊ आपट्यांस विश्वविद्यालयाची पदवी मिळाली नाहीं. पण १८९० सालीं निघालेल्या ‘करमणुकी’चे वाचक आठवड्याच्या आठवड्यास पुढील मजकुराची वाट पाहत, आणि त्या वाट पाहण्यांतून एका मुलीनें स्वतःची कर्मकथा सांगावी अशी ती कादंबरी सिद्ध झाली. तिचें नांवच पहा : ‘पण लक्षांत कोण घेतो!’ श्रोता मागणारें याहून स्पष्ट नांव कोणतें? पुढें १९३३ सालीं फडक्यांनीं लघुनिबंधांचा संग्रह काढला त्यासहि ‘गुजगोष्टी’ असेंच नांव दिलें. आणि गुज कांहीं भिंतीशीं करीत नाहींत.

आणखी मागें गेलें तर हीच चाल दिसते. ज्ञानेश्वरी श्रोत्यांपुढें सांगितली गेली, आणि ज्ञानेश्वर त्या श्रोत्यांस पदोपदीं विनवितात, समजावितात, क्वचित् थट्टाहि करितात. दासबोधाचा तर आरंभच श्रोत्यांच्या प्रश्नानें होतो; हा ग्रंथ कोणता, यांत काय सांगितलें आहे, हें ते विचारतात व मग ग्रंथ सुरू होतो. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. शाळेचें शिक्षण त्यांस नव्हतें. अक्षरओळख लग्नानंतर पतीकडून झाली. त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून १९३६ पर्यंत चार भागांत निघालीं, म्हणजे पहिला भाग आला तेव्हां त्या पासष्टीच्या पुढें गेल्या होत्या. तें पुस्तक कोठूनहि उघडावें. ओसरीवर बसून कोणी बाई आपणांस सांगत आहे असें वाटतें. आपण लेखिका आहों काय, हा प्रश्न सोडविण्यास त्या थांबल्या नाहींत. त्यांच्याजवळ सांगावयाचें होतें, आणि आपण कोणास सांगतों हें त्यांस ठाऊक होतें.

यावर कोणी विचारील कीं, मंडालेच्या तुरुंगांत लोकमान्यांपुढें कोणता श्रोता होता? ‘गीतारहस्या’चा खर्डा त्यांनीं १९१०-११ च्या हिवाळ्यांत तेथें शिसपेन्सिलीनें लिहिला, सुमारें पांच महिन्यांत तो पुरा झाला, आणि सुटकेनंतर १९१५ सालीं ग्रंथ छापून निघाला. विद्वत्तेच्या एवढ्या मोठ्या ग्रंथास पांच महिने म्हणजे कांहींच नव्हे, असें वाटतें. पण त्या ग्रंथाची प्रस्तावना वाचावी. १८७२ सालीं वडील शेवटच्या दुखण्यांत असतां गीतेवरची एक प्राकृत टीका त्यांस वाचून दाखविण्याचें काम सोळा वर्षांच्या या मुलाकडे आलें, तेथून तो विषय त्यांच्या मनांत शिरला. म्हणजे ग्रंथ पांच महिन्यांचा नव्हे, ३८ वर्षांचा. आणि त्याच्या उगमापाशीं आजारी वडिलांस मोठ्यानें वाचून दाखविणारा मुलगा आहे. ही ३८ वर्षें ॲक्टन यांच्या वर्षांसारखीं वह्यांत राहिलीं नाहींत याचें कारण आम्हांस येथें दिसतें. एका प्रश्नाचें उत्तर कोणास तरी द्यावयाचें राहिलें होतें.

तेव्हांपासून आमच्या घरीं एक क्रम सुरू झाला. रोज पहांटे महाविद्यालयाच्या आधीं दीड तास लिहावयाचें. यांत ट्रोलोपचें ऋण आम्ही मान्य करितों, मात्र आम्ही शब्द मोजीत नाहीं. आणि रविवारीं सायंकाळीं आठवड्याचें लिहिलेलें मोठ्यानें वाचावयाचें. श्रोते दोन. एक पत्नी, दुसरे शेजारचे पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झालेले अभियंते, ज्यांनीं शाळा सोडल्यावर मराठी निबंध वाचलेला नाहीं असें ते अभिमानानें सांगतात. पत्नी बहुधा मेथी किंवा गवार निवडीत ऐकतात. हात संथ झाला कीं समजावें, मजकूर लागला. हात भराभर चालूं लागला कीं समजावें, आतां आपण परीक्षकाशीं बोलूं लागलों. इतका अचूक अभिप्राय आम्हांस कोणत्याहि विद्वत्परिषदेंत मिळालेला नाहीं.

पहिल्या प्रकरणांत फ्रान्सांतील मॉन्तेन् याजविषयीं तीन पानें होतीं. १५८० सालीं त्यानें निबंध या प्रकारास जन्म दिला, तेव्हां त्यास वंदन करणें आम्हांस अगत्याचें वाटे, आणि खरें सांगावयाचें तर तो परिच्छेद आमच्या व्यासंगाचा दागिना होता. शेजाऱ्यांनीं ऐकून घेतलें, आणि विचारलें, "प्रोफेसर, हे गृहस्थ पुढें पुन्हां येणार आहेत का?" येणार नव्हते. त्या रात्रीं आम्हीं मॉन्तेनचा निरोप घेतला, आणि दुःख झालें तें सांगण्यासारखें नाहीं. ४६ पानांच्या प्रकरणाचीं १९ पानें झालीं. गेलें तें बहुतेक सावधपण. त्या जागीं आला तो कचेरींतून घरीं येऊन दिव्याशीं पत्र लिहावयास बसलेला एक मनुष्य, जो आपल्या जातभाईंवर रागावलेला होता. आणि आम्हींहि ‘रागावलेला होता’ असेंच लिहिलें.

परीक्षक अजून आमच्याकडेच राहतो. त्यास हांकून द्यावें असें आम्हांस वाटत नाहीं. तारखा, नांवें, अवतरणें तपासण्यास त्याच्यासारखा मनुष्य नाहीं. फक्त त्याची वेळ बदलली आहे. पहांटे तो निजलेला असतो. लिहिलेलें त्यास शनिवारीं दाखवितों. व्यासांपुढें लिहावयास बसलेल्या गणपतीची अट होती कीं लेखणी थांबतां कामा नये. व्यासांची उलट अट होती कीं अर्थ कळल्याशिवाय लिहूं नये. ग्रंथास या दोन्ही अटी लागतात. मात्र त्या दोघांत वांटलेल्या होत्या, ही गोष्ट ती कथा सांगणारांच्या चांगली ध्यानांत होती.

गेल्या वर्षीं परीक्षांच्या कामामुळें एका रविवारीं वाचन झालें नाहीं. प्रकरण आगरकरांचें होतें. ‘केसरी’ सोडून १८८८ सालीं त्यांनीं ‘सुधारक’ काढला तेथपर्यंत आम्ही येऊन ठेपलों होतों. सोमवारीं रात्रीं शेजाऱ्यांनीं दाराची घंटा वाजविली. आंत न येतां त्यांनीं उंबऱ्यावरूनच विचारलें, "काल झालें नाहीं ना? आगरकरांचें पुढें काय झालें हो?" आम्हीं सांगितलें कीं, पुढें सातच वर्षांनीं, १८९५ सालीं, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षीं ते गेले. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि "असें होय," म्हणून परत गेले. आगरकरांच्या मृत्यूस शंभराहून अधिक वर्षें लोटलीं आहेत. पण त्या रात्रीं आमच्या जिन्यावर ती बातमी ताजी होती. आपण लेखक आहों काय, या प्रश्नाचा विचार त्यानंतर आम्हांस फारसा करावा लागलेला नाहीं. उत्तर मिळालें असें नव्हे. पुढें काय लिहावयाचें, हा प्रश्न त्याच्या जागीं येऊन बसला.

ग्रंथाचीं नऊ प्रकरणें योजिलीं आहेत. त्यांपैकीं पांच झालीं, सहावें चालूं आहे. तो केव्हां पुरा होईल, कोण छापील, छापला तर अप्पा बळवंत चौकांतील दुकानांत कोणत्या फळीवर पडून राहील, हें सांगतां येत नाहीं. गिबननें लिहून ठेविलें आहे कीं, शेवटचें वाक्य लिहून झाल्यावर प्रथम त्यास आनंद झाला, आणि मग जुन्या सोबत्याचा कायमचा निरोप घेतल्यासारखी खिन्नता आली. ती खिन्नता आमच्या वांट्यास यावी अशी आमची इच्छा आहे. दासबोधांत समर्थांनीं लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला आहे. त्यांत प्रतिभेविषयीं कांहीं नाहीं, अक्षर, ओळी, कागद, शाई यांविषयीं आहे, आणि पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारें एकाच टांकानें लिहिल्यासारखें दिसावें असें सांगितलें आहे. तरुणपणीं तो समास आम्हांस केवळ कित्त्याचा वाटे. आतां वाटतें, ग्रंथ लिहिणारास यापेक्षां अवघड गोष्ट कोणी सांगितलेली नाहीं.

ज्यांच्या कपाटांत अशा वह्या आहेत असे वाचक थोडे नसतील. कोणी आजोबांच्या गांवाची हकीकत जमविली असेल, कोणी एखाद्या रागाची, कोणी एखाद्या नदीची. त्यांस उपदेश करण्याचा अधिकार, ग्रंथ पुरा झालेला नसल्यामुळें, आम्हांस नाहीं. एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, आणखी एक टिपण काढण्यापूर्वीं असलेल्यांतलें एक पान सलग लिहून घरांत कोणास तरी मोठ्यानें वाचून दाखवावें. ऐकणारा विद्वान् नसला तर उत्तम. बाण कोणत्या गोष्टीकडे जातो हें तो विचारील, आणि आपण आहों तोंपर्यंत तें सांगतां येईल.

आम्हांस रविवारचें वाचन तयार करावयाचें आहे. सहाव्या प्रकरणांत एक वाक्य अजून बसत नाहीं.